विरजणाचा वैरी

दूध चांगले, विरजण ताजे, तापमानही नेमके. तरी दूध लागत नाही. घरी असे झाले की आपण थंडीला बोल लावून मोकळे होतो. चीजच्या कारखान्यात मात्र हजारो लिटर दूध पणाला लागलेले असते आणि तिथे संशय दोन गोष्टींवर जातो. दगडी झालेल्या गाईला दिलेले प्रतिजैविक दुधात उतरले असावे. नाहीतर विरजणालाच विषाणूने गाठले असावे.

माणसाला, जनावराला, पिकाला विषाणू बाधतात, तसे जीवाणूंनाही बाधतात. जीवाणूंवर जगणाऱ्या या विषाणूंना बॅक्टेरियोफाज किंवा नुसते फाज म्हणतात. दह्या-ताकातून ते आपल्या पोटात जातात, पण माणसाच्या पेशींच्या वाट्याला जात नाहीत. त्यांचे सावज ठरलेले असते: अमुक जीवाणूचा अमुक वाण.

विरजणातले लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस यांसारखे जीवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचा सामू ६.६ वरून ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे प्रथिन गोठते आणि दही लागते. फाज या कामातच खो घालतो. शेपटीच्या टोकाने तो जीवाणूला चिकटतो. अनेक फाजांना त्यासाठी कॅल्शियम लागते, आणि दुधात त्याला तोटा नाही. मग तो आपला डीएनए आत सोडतो. जीवाणूची सारी यंत्रणा नवे फाज घडवू लागते. तासाभरात जीवाणू फुटतो आणि शंभरएक फाज बाहेर पडतात. त्यातल्या प्रत्येकाने एकेक जीवाणू गाठला, तर पुढच्या तासाला दहा हजार आणि त्यापुढच्या तासाला दहा लाख! आम्ल तयार होणे थांबते आणि दूध तसेच राहते.

१९३५ मध्ये न्यूझीलंडच्या व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी विरजणातला हा वैरी दाखवून दिला. तेव्हापासून डेअऱ्या त्याच्याशी झुंजत आहेत. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद पाश्चरीकरण केले तरी काही फाज तगतात. चीज करताना निथळणाऱ्या पाण्यात त्यांची दाटी होते आणि त्याच्या तुषारांबरोबर ते हवेतून पसरतात. म्हणून विरजणाची खोली वेगळी ठेवतात, टाक्या निर्जंतुक करतात आणि विरजणाचे वाण आलटूनपालटून वापरतात.

या झुंजीतून विज्ञानाला एक मोठे देणे मिळाले. विरजण तयार करणाऱ्या डॅनिस्को कंपनीतील रोडॉल्फ बारांगू, फिलिप होर्व्हाथ आणि कॅनडाचे सिल्व्हां म्वानो यांच्या गटाने थर्मोफिलसवर फाज सोडले. जे जीवाणू वाचले, त्यांच्या डीएनएमध्ये त्याच फाजचे छोटे तुकडे जपून ठेवलेले सापडले. तुकडा काढला की प्रतिकार गेला, घातला की आला. असे तुकडे जपणारी क्रिस्पर नावाची यंत्रणा ही जीवाणूंची रोगप्रतिकारशक्ती आहे, हे २००७ मध्ये असे सिद्ध झाले. पुढे इमॅन्युएल शार्पेंटिये आणि जेनिफर डाउडना यांनी अशाच एका जीवाणूच्या यंत्रणेतून जनुके कापण्याचे तंत्र घडवले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. २०२३ मध्ये याच तंत्रावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला ब्रिटनने मान्यता दिली. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या अनेक कुटुंबांनी हा आजार सोसला आहे.

यातून आपण काय घ्यायचे? पुणे जिल्ह्यात मंचर आणि बारामती इथे चीजचे मोठे कारखाने आहेत. कारखान्याला रोज एकसारखा माल हवा, म्हणून तिथे निवडक, मोजके वाण वापरतात. त्यातला एक वाण फाजला बळी पडला की सारे काम अडते. याउलट भीमेकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावात घरोघरी चालत आलेल्या विरजणात अनेक वाण एकत्र नांदतात. एक गारद झाला तर दुसरा काम पुढे नेतो. नेदरलँड्समधल्या पारंपरिक चीजच्या विरजणांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसले: फाज सतत हजर असूनही वाणांच्या विविधतेमुळे विरजण टिकून राहते.

पिकांचे देशी वाण जपायला हवेत, हे आपल्याला आता पटले आहे. विरजणांनाही तोच न्याय लावायला हवा. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत विरजणाच्या जीवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडेही सूक्ष्मजीव जपण्याची सोय आहे. भीमेकाठच्या गावांतून विरजणाचे नमुने तिथे पोहोचवणे फार खर्चाचे काम नाही. मात्र विकतच्या दह्याने घरचे विरजण मोडीत काढण्याआधी ते व्हायला हवे.