ख्रिस्ती कथात्म साहित्याचे वाचन : रंजन आणि आत्मिक उभारी
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी कादंबरीच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीपासून मानला जातो. एका ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती दृष्टीने लिहिलेली ही कृती आहे. अभ्यासकांनी तिचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केला : विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण आणि धर्मप्रसाराचा हेतू. हे दोन्ही विचार आवश्यक होतेच. परंतु सामान्य ख्रिस्ती वाचक अशी कथा हाती का घेतो, तिच्यातून त्याला आनंद कसा मिळतो आणि त्या आनंदाचा त्याच्या श्रद्धेशी काय संबंध असतो, हा प्रश्न बराचसा दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात विचार केला आहे.

या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. ख्रिस्ती कार्याच्या दृष्टीने मात्र येथे दोन प्रवाह होते. सातारा परिसरात अमेरिकन मराठी मिशनचे काम चाले, तर सांगली-मिरज परिसर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कार्यक्षेत्रात येई. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेले रुग्णालय हे या दुसऱ्या प्रवाहाचे सर्वांत परिचित रूप होय. शाळा, वसतिगृह, रुग्णालय आणि उपासनामंदिर यांच्याभोवती जे वाचक घडले, त्यांच्या घरी बायबल व गीतसंग्रह यांच्या जोडीला गोष्टीची पुस्तकेही आली.

संकल्पना

लेखक ख्रिस्ती असला म्हणून त्याची कथा ख्रिस्ती ठरत नाही. पाप, पश्चात्ताप, क्षमा, कृपा, संशय आणि आशा या अनुभवांवर जिचे कथानक चालते, ती कथा ख्रिस्ती कथात्म साहित्यात मोडते, असे येथे गृहीत धरले आहे. मराठीत तिची तीन रूपे ठळकपणे आढळतात : रूपककथा, सामाजिक कादंबरी आणि बायबलमधील चरित्रांचे काव्यरूप पुनर्कथन. सोळाव्या शतकात गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) हे तिसऱ्या रूपाचे आद्य उदाहरण होय. ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी त्यांनी ओवी आणि पुराण यांचा आश्रय घेतला, यावरून श्रोत्याच्या रुचीचा विचार या परंपरेत आरंभापासून होता हे लक्षात येते.

रंजन आणि बोध : विरोध की सहकार्य?

धार्मिक वृत्तीच्या अनेक कुटुंबांत कादंबरीवाचनाकडे काहीशा संशयाने पाहिले जाई. वेळ घालवायचा तर तो पवित्र शास्त्राच्या वाचनात घालवावा, कल्पित गोष्टीत कशाला, असा हा आक्षेप आहे. त्याचे उत्तर शास्त्रातच सापडते. दावीद राजाने उरीयाच्या पत्नीचा अभिलाष धरून उरीयाचा घात करविला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला प्रथम दोष दिला नाही. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी कशी हिरावून घेतली, ही गोष्ट त्याने सांगितली. राजा गोष्टीत रमला, संतापला, त्याने अपराध्यास शिक्षाही सुनावली आणि मगच तो अपराधी आपणच आहोत हे त्याला कळले (२ शमुवेल १२). सरळ आरोपापुढे माणूस बचावाला उभा राहतो. गोष्टीपुढे तो बेसावध असतो. राजा गोष्टीत रमला नसता तर त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली नसती.

येशूच्या दृष्टान्तांतही हेच दिसते. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात (लूक १५) धाकटा मुलगा परत येतो. परंतु रुसलेला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. तो निर्णय ऐकणाऱ्यावर सोपविलेला आहे.

महाराष्ट्रातील श्रोत्याला ही रीत परकी नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. निरूपणात मांडलेला विचार आख्यानातील माणसांच्या सुखदुःखांतून श्रोत्याच्या मनात उतरतो. ज्या कादंबरीत पूर्वरंगच पानोपानी चालू राहतो आणि उत्तररंगाला जागाच उरत नाही, ती वाचकाला ना आनंद देते ना उभारी. ख्रिस्ती कथांचे मूल्यमापन करताना ही कसोटी उपयोगी पडते.

‘यात्रिकक्रमण’ आणि वाटेचा अनुभव

जॉन बनियन यांच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) या इंग्रजी रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. बनियन हे भांडी दुरुस्त करणारे कारागीर होते. परवानगीवाचून उपदेश केल्याबद्दल त्यांनी बेडफर्ड येथे सुमारे बारा वर्षे कारावास भोगला होता. पाठीवर पापाचे ओझे घेऊन निघालेला यात्रेकरू निराशेच्या दलदलीत रुततो, बाजारात छळ सोसतो, संशयाच्या किल्ल्यात कोंडला जातो आणि अखेरीस स्वर्गीय नगरास पोहोचतो, असे हे कथानक आहे. वचन ही किल्ली आपल्या उराशीच होती, हे किल्ल्यात अडकलेल्या यात्रेकरूला उशिरा आठवते. आजारपणात किंवा कर्जाच्या विवंचनेत असलेल्या वाचकाला हा प्रसंग धीर देतो, कारण येथे श्रद्धावान माणसालाही निराशा गाठते हे कथाकाराने लपविलेले नाही.

यात्रा ही कल्पना साताऱ्याच्या वाचकाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून याच जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे पंढरपूरकडे जाते. अर्थात दोन्ही यात्रा सारख्या नाहीत. वारकरी दिंडीत, सोबतीने, टाळमृदंगाच्या गजरात चालतो. बनियन यांचा यात्रेकरू घरदार मागे टाकून निघतो आणि वाटेत त्याला सोबती मिळतात, त्यांतील काही दुरावतात. पहिल्या पिढीतील ज्या ख्रिस्ती व्यक्तींना धर्मांतरामुळे घर सोडावे लागले, त्यांना हे एकटेपण स्वतःचेच वाटले असल्यास नवल नाही. बनियन यांनी १६८४ मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या भागात मात्र यात्रेकरूची पत्नी मुलांसह, सोबत्यांच्या मेळ्यात तीच वाट चालते. स्त्रिया, मुले, वृद्ध आणि दुबळे यांना सांभाळून घेणारी ही यात्रा दिंडीच्या अधिक जवळची आहे. आजच्या कुटुंबाला हाच भाग अधिक आपला वाटण्याजोगा आहे.

‘यमुनापर्यटन’ : सामर्थ्य आणि मर्यादा

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) मूळचे बेळगावचे. १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी ही कादंबरी आली. विधवाविवाहाचा कायदा तिच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. शिक्षित यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासास निघतात. वाटेत त्यांना निरनिराळ्या विधवांच्या कहाण्या कळतात आणि पुढे यमुनेवरच वैधव्य ओढवते.

या कादंबरीत संवादाचे वादविवादात रूपांतर होते आणि वाचकाची गती अडखळते. पूर्वरंग लांबल्याचे हे उदाहरण होय. तरीही ती आज वाचवते, याचे कारण त्या विधवांच्या कहाण्यांत आहे. तेथे लेखक सिद्धान्त मांडीत नाही. तो दुःखी माणसाजवळ थांबतो आणि त्याचे ऐकून घेतो. दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणारे पतिपत्नी हीच या कादंबरीची खरी ख्रिस्ती शिकवण आहे आणि ती तिच्यातील युक्तिवादांपेक्षा अधिक टिकली आहे.

टिळक दांपत्य आणि सातारा

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन साताऱ्यास वास्तव्य केले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो बंधुवर्ग व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. अभंग, भजन व कीर्तन ही देशी रूपे त्यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी स्वीकारली. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी आरंभिलेले महाकाव्य अपुरे राहिले. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाई टिळक यांनी रचला आणि लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आहे. ती कल्पित कथा नव्हे. तरीही मराठी ख्रिस्ती घरात ‘गोष्टीचे पुस्तक’ म्हणून वाचता येईल असे त्याच्या तोडीचे दुसरे पुस्तक दाखविणे कठीण आहे. पतीच्या धर्मांतराने मोडलेला संसार, ताटातूट आणि हळूहळू झालेला मनाचा पालट हे सारे त्यांनी विनोदबुद्धी न गमावता सांगितले. त्या स्वतःवर हसतात, पतीच्या लहरीपणावर हसतात, आणि वाचक हसता हसता गंभीर होतो. उपदेशाचा एक शब्द न उच्चारता श्रद्धा माणसाला कशी तगवून धरते, हे या पुस्तकातून समजते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही ते आपले मानले, हे त्याचे मोठे यश होय.

अपुरी राहिलेली दुसरी पिढी

वरील कृतींचा एकत्रित विचार केला असता एक बाब स्पष्ट होते. मराठी ख्रिस्ती कथेची जी परंपरा घडली, ती मुख्यतः धर्मांतराची कथा आहे. घर सोडणे, वाळीत पडणे, बाप्तिस्मा हे तिचे निर्णायक प्रसंग आहेत. आज सातारा-सांगलीतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत श्रद्धा ही चौथ्या-पाचव्या पिढीची वारसाहक्काने आलेली गोष्ट आहे. त्यांचे प्रश्न निराळे आहेत : पुण्या-मुंबईस गेलेली मुले, गावात उरलेली वृद्ध माणसे, मंडळीतील तंटे, आंतरधर्मीय विवाह आणि सवयीने चालणारी, आतून कोरडी झालेली उपासना. धर्मांतराची कथा या वाचकाला पूर्वजांचा अभिमान देते, परंतु त्याच्या आजच्या प्रश्नांपर्यंत ती पोहोचत नाही.

धर्मांतरितांच्या मुलीचे मन कसे घडते, हे सांगणारी कादंबरी मराठी कुटुंबातूनच आली. ती अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांची ‘सगुणा’ होय. परंतु ती इंग्रजीत लिहिली गेली. म्हणजे पहिल्या पिढीची कादंबरी मराठीत आणि दुसऱ्या पिढीची इंग्रजीत, अशी विभागणी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. इतक्या लहान वाचकवर्गासाठी कादंबरी छापणे प्रकाशकास परवडणे कठीण. त्यातच मुले इंग्रजी माध्यमात शिकू लागल्याने त्यांची गोष्टींची भूक परदेशी पुस्तकांवर भागते. परदेशी कथा वाचण्यात गैर काही नाही. टॉलस्टॉय यांच्या कथेतील मार्टिन हा मोची दाराशी आलेल्या थकल्याभागल्यांना चहा व ऊब देतो आणि त्यांच्याच रूपाने प्रभू आपल्याकडे येऊन गेला हे त्याला कळते. ही कथा कोणत्याही गावची होऊ शकते. परंतु आपल्या भाषेतील, आपल्या नदीकाठची माणसे ज्या कथेत नाहीत, तिच्यावरच वाढलेल्या मुलाला श्रद्धा ही परगावची वस्तू वाटू लागते. येथे खरी हानी आहे.

वस्तुतः या परिसरात कथाबीजांची वाण नाही. मिरजेच्या रुग्णालयात शतकभर झालेली सेवा, पाचगणीच्या वसतिशाळा, २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या शेजाऱ्यांनी एकमेकांना दिलेला आसरा, यांतून श्रद्धेची कसोटी पाहणारी कथा उभी राहू शकते.

वाचनसंस्कृतीसाठी काही दिशा

कथा निवडताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. कथेतील श्रद्धाहीन पात्रही माणूस म्हणून उभे राहते का? नायकाच्या संशयाला पुरेसा अवकाश मिळतो का? शेवटचे समाधान घटनांतून येते, की लेखकाच्या आग्रहातून? या तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर पुस्तकाचा हेतू कितीही चांगला असला तरी त्याचा परिणाम क्षीण राहतो.

वाचनाची रीतही महत्त्वाची आहे. सायंकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर एक प्रकरण मोठ्याने वाचण्याचा प्रघात ठेवल्यास, ज्यांना अक्षरे दिसत नाहीत ते आजीआजोबा आणि ज्यांना मराठी वाचन जड जाते ती नातवंडे एकाच गोष्टीभोवती बसतात. सातारा जिल्ह्यातील भिलार हे गाव २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून पुढे आले. घराघरांत पुस्तके ठेवून वाचकाला बोलावण्याची ती रीत मंडळीच्या सभागृहातील एका कपाटापुरती तरी अनुसरता येण्याजोगी आहे.

निष्कर्ष

१. ख्रिस्ती कथेत रंजन आणि आत्मिक उभारी हे परस्परविरोधी नाहीत. वाचक कथेत रमला, तरच ती त्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचते.

२. ‘यात्रिकक्रमण’, ‘यमुनापर्यटन’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांतील जे अंश आजही जिवंत वाटतात, ते दुःख, संशय व विनोद यांना प्रामाणिकपणे जागा देणारे आहेत.

३. मराठी ख्रिस्ती कथापरंपरा मुख्यतः धर्मांतराभोवती घडली. वारशाने आलेली श्रद्धा कशी जगावी, हा तिचा अपुरा राहिलेला विषय आहे.

४. सातारा व सांगली जिल्ह्यांत या विषयाला लागणारी सामग्री व भाषा उपलब्ध आहे. जुन्या कृतींचे सामूहिक वाचन वाढले, तर नव्या लेखकाला वाचक मिळेल, आणि धर्मांतराच्या कथेपाशी थांबलेली ही परंपरा पुढच्या पिढ्यांच्या जीवनापर्यंत येऊ शकेल.