दूषित सार्वजनिक मिळकती आणि सल्लागारांचे करारनामे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील नगरपालिका, बंदर-प्राधिकरणे आणि शाळामंडळे यांच्या सभांपुढे काही वर्षांच्या अंतराने एक ठराव येत असतो. आपल्या ताब्यातील दूषित मिळकतींची तपासणी व देखरेख करण्यासाठी पर्यावरण-सल्लागार संस्थांशी काही वर्षांच्या मुदतीचे ‘ऑन-कॉल’ करारनामे करावेत, असा त्याचा आशय असतो. विषय रुक्ष आणि भाषा कायद्याची, म्हणून सामान्य करदाता त्याकडे फारसे लक्ष देत नाही, आणि त्यामुळे या व्यवस्थेविषयी विपरीत समजुती रूढ होतात. ज्या भूमीवर शाळा, उद्याने आणि वाचनालये उभी राहावयाची तिच्याशीच हा प्रश्न निगडित असल्यामुळे त्या समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दूषित जमीन म्हणजे रसायनांच्या कारखान्याचे आवार, ही यांतील सर्वांत व्यापक समजूत होय. वस्तुतः पालिकेच्या मोटारखात्याच्या अंगणात पुरलेली पेट्रोलची जुनी टाकी, ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेले परक्लोरोएथिलीन, अग्निशामक दलाच्या सराव-मैदानावर फवारलेला फेस, अशी दूषितीकरणाची कितीतरी निरुपद्रवी दिसणारी उगमस्थाने आहेत. आणि त्यांतील पुष्कळशा मिळकती मालकांनी कर थकवल्यामुळे, म्हणजे स्थानिक शासनाने मागितलेल्या नसतानाही, त्याच्या पदरात पडलेल्या असतात. अशा दूषित किंवा दूषित असण्याचा संशय असलेल्या पडीक जागांना तेथे ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात, आणि त्यांची संख्या साडेचार लाखांहून अधिक असावी असा त्या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे.

जागेचा इतिहास कागदोपत्री ठाऊक असला की पुरे, असेही काहींना वाटते. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स या शहराचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. तेथील हूकर केमिकल कंपनीने १९४२ पासून सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा लव्ह कॅनाल नावाच्या, अर्धवट खणून सोडून दिलेल्या कालव्यात पुरला आणि १९५३ साली ती जागा शहराच्या शाळामंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. पुरलेल्या रसायनांचा उल्लेख खरेदीखतात होता, आणि त्यांपासून कोणास इजा झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही अशी तरतूदही होती. तेव्हा दस्तऐवज मूक होता असे म्हणता येणार नाही. शाळेचे बांधकाम चालू असता रसायनांचे खड्डे आढळले, तेव्हा इमारतीची जागा थोडी सरकवण्यात आली, आणि १९५५ साली तेथे वर्ग भरू लागले. आज अशा प्रसंगी काम तत्काळ थांबवून करारबद्ध सल्लागाराला पाचारण केले जाते, मातीचे आणि भूजलाचे नमुने घेतले जातात आणि त्यांचा निष्कर्ष हाती येईपर्यंत कुदळ चालत नाही. त्या काळी अशी व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली, शेकडो कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली, आणि त्या अनर्थाच्या धक्क्यातून १९८० साली ‘सुपरफंड’ या नावाने प्रसिद्ध असलेला कायदा जन्मास आला.

आता स्वतः कराराविषयी. काम असो वा नसो, या सल्लागारांना घरबसल्या मानधन मिळते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. प्रत्यक्षात मूळ करारनाम्यात दर, मुदत आणि खर्चाची कमाल मर्यादा एवढेच ठरलेले असते. प्रत्येक कामासाठी व्याप्ती, वेळापत्रक आणि रक्कम नमूद करणारा स्वतंत्र कार्यादेश निघतो, आणि कार्यादेश नाही तर देयकही नाही. अशा आगाऊ कराराची गरज का, हे ज्याने रस्त्याच्या खोदकामात अकस्मात तेलकट माती वर आलेली पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. त्या क्षणी निविदा मागवून, त्यांची छाननी करून, मंजुरी घ्यावयाची म्हटल्यास महिने जातात आणि तोवर उघडा खड्डा पावसाचे पाणी पीत राहतो.

परंतु मग सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच का नेमू नये? हा प्रश्न प्रामाणिक आहे. विटा आणि सिमेंट यांच्या खरेदीत जो न्याय चालतो तो निदानाच्या कामाला लावता येत नाही, कारण जो कमी नमुने घेतो त्याचा दर कमीच असणार. वास्तुविशारद आणि अभियंते यांची निवड आधी गुणवत्तेवर करावी आणि मोबदल्याची वाटाघाट त्यानंतर करावी, हे तत्त्व अमेरिकेच्या संघशासनाने १९७२ च्या ब्रुक्स कायद्याने स्वीकारले, आणि अनेक राज्यांनी त्याच धर्तीवर कायदे केले. माझ्या मते सल्लागारांच्या निवडीतही हेच तत्त्व योग्य आहे. मात्र एकाच संस्थेवर विसंबू नये. दोन-चार संस्थांची यादी असावी, आणि तपासणी करणाऱ्याकडेच सफाईचा ठेका जाऊ नये अशी अट करारातच घातलेली असावी.

तपासणीचा अहवाल आला म्हणजे जमीन निर्दोष ठरली, असे मानणारे सभासदही आढळतात. पहिल्या टप्प्याच्या तपासणीत मातीचा एक कणही प्रयोगशाळेत जात नाही. तीत जुने नकाशे, सरकारी दप्तरातील नोंदी, पूर्वीच्या मालकांच्या मुलाखती आणि प्रत्यक्ष पाहणी एवढ्यांचाच समावेश असतो. सॅनबॉर्न कंपनीने एकोणिसाव्या शतकापासून आगीच्या विम्यासाठी काढलेले शहरांचे नकाशे या कामी फार उपयोगी पडतात, कारण कोठे तेलाची टाकी होती आणि कोठे रंगाचे दुकान होते हे त्यांवर घरवार दाखवलेले असते. या टप्प्यात संशयास जागा आढळली तर दुसऱ्या टप्प्यात जमिनीत छिद्रे घेऊन नमुने काढले जातात. शिवाय पहिल्या टप्प्याचा अहवाल चिरकाल टिकत नाही. खरेदीपूर्वीच्या एका वर्षातील चौकशीच ग्राह्य धरली जाते आणि तिचे काही भाग १८० दिवसांच्या आतील असावे लागतात.

याउलट टोकाची समजूत अशी की, दूषित माती शेवटच्या घमेल्यापर्यंत उचलल्याशिवाय जागा वापरताच येत नाही. सिअ‍ॅटल शहरातील गॅस वर्क्स पार्क हे या समजुतीला सर्वांत बोलके उत्तर आहे, आणि ते पुरेसे गुंतागुंतीचेही आहे. लेक युनियन सरोवराच्या काठी १९०६ ते १९५६ पर्यंत कोळशापासून आणि पुढे खनिज तेलापासून गॅस तयार करणारा कारखाना होता. शहराने ती जागा १९६२ साली घेतली. रिचर्ड हाग या उद्यानरचनाकाराने कारखान्याचे मनोरे तसेच राखले, मातीत सेंद्रिय द्रव्ये मिसळून सूक्ष्मजंतूंकरवी तिची शुद्धी करण्याचा मार्ग धरला, आणि १९७५ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. पण प्रश्न तेथे संपला नाही. १९८४ साली मातीच्या चाचण्यांसाठी उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले, पुढे स्वच्छ मातीचे आच्छादन घालावे लागले, भूजलातील बेंझीन काढण्यासाठी जमिनीत हवा सोडावी लागली, आणि सरोवराच्या तळातील गाळाचे काम तर त्यानंतरही उरलेच. लोक त्या हिरवळीवर बसतात ते योग्यच आहे. परंतु तेथे निर्धास्तपणे बसता यावे म्हणून नमुने, नोंदी आणि देखरेख यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावे लागते.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. सल्लागार नेमला की पालिका मोकळी, हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. सुपरफंड कायद्याखाली ज्याने विष पुरले त्याच्याबरोबर मिळकतीचा विद्यमान मालकही उत्तरदायी ठरू शकतो. करथकबाकीने आलेल्या मिळकतींबाबत स्थानिक शासनांना संरक्षण आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीने ते विस्तारलेही. परंतु दूषितीकरणास स्वतः कारणीभूत ठरणाऱ्याला किंवा त्यात भर घालणाऱ्याला ते लाभत नाही. न्यू जर्सी राज्याने २००९ पासून दूषित जागांचे काम पाहणाऱ्या तज्ज्ञांना परवाना सक्तीचा करून सार्वजनिक आरोग्याचे रक्षण हेच त्यांचे आद्य कर्तव्य ठरवले आहे. तरीही अहवाल वाचण्याचे, त्यावर निर्णय घेण्याचे आणि त्यासाठी पैसा उभारण्याचे कर्तव्य लोकप्रतिनिधींचेच राहते.

आपल्याकडेही हा विषय आता परका राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. त्यांनुसार संशयित जागांची सहामाही यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे धाडावयाची आहे, आणि प्राथमिक तपासणीसाठी ९० दिवसांची मुदत घातलेली आहे. त्या यादीत आपल्या गावातील कोणत्या जागा आहेत आणि त्यांची माती तपासणारा जाणकार कोणी नेमला आहे का, हे प्रत्येक नागरिकाने आपल्या नगरसेवकाला विचारावे.