टर्बो गाडीला शिसे पाजावे काय?

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या रस्त्यांवर टर्बो पेट्रोल गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्या गॅरेजमध्ये येतात तशी हौशी तरुण गिऱ्हाइकेही येतात आणि विचारतात, "उस्ताद, रेसच्या गाडीत शिसेवाले पेट्रोल टाकतात म्हणे. आपल्या गाडीत टाकले तर पिकअप वाढेल ना?" मिस्त्रीने नुसती मान हलवली तरी उद्या होणाऱ्या नुकसानीचा तगादा त्याच्याच दाराशी येतो. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेतलेली बरी.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. धुराच्या जोरावर तो फिरतो. हवा दाबली की तापते. मग ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिन ठोकू लागते. हा ठोका जास्त दिवस चालला की पिस्टनला भोक पडते, रिंगा तुटतात. पेट्रोल हा ठोका किती सहन करते, ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळते. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. ज्या गाडीचा कॉम्प्युटर ९१ किंवा ९५ ऑक्टेनसाठी बसवला आहे, तिच्यात १०० चे पेट्रोल ओतल्याने खिसा हलका होतो, वेग फारसा वाढत नाही.

ऑक्टेन वाढवण्याचा स्वस्त मार्ग म्हणून शिसे आले. अमेरिकेत १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी टेट्राएथिल लेडचा हा गुण शोधला. जुन्या इंजिनांच्या नरम व्हॉल्व्ह सीटलाही त्याचा आधार मिळे. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी शिसेमुक्त पेट्रोल सुरू झाले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. हिंगोली जिल्हा तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांचा होता! जगात सर्वात शेवटी अल्जेरियाने २०२१ मध्ये ते थांबवले. अमेरिकेतील नॅस्कार ही मोठी शर्यतसुद्धा २००८ पर्यंत शिसेमुक्त पेट्रोलवर आली होती.

आज शिसे उरले आहे ते काही रेसिंग पेट्रोलांत आणि लहान विमानांच्या पेट्रोलात. विमानाच्या १०० लो-लेड पेट्रोलात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. नावात 'लो' असले म्हणून ते कमी समजू नये.

रस्त्यावरच्या टर्बो गाडीत ते टाकले तर काय होते? कन्व्हर्टरच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा पातळ थर असतो. शिसे त्यावर बसते आणि तो थर निकामी होतो. ऑक्सिजन सेन्सरचीही तीच गत. सेन्सर खोटे सांगू लागला की कॉम्प्युटर पेट्रोलचे माप चुकवतो आणि टर्बो इंजिनात मिश्रण पातळ पडणे म्हणजे पिस्टन जाळण्याचे आमंत्रण. थोडक्यात, इंजिन वाचवायला टाकलेले शिसेच इंजिनाचा घात करू शकते. प्लगवर राखेसारखा थर चढतो तो वेगळाच.

मग शिसेवाले पेट्रोल कोणासाठी? कन्व्हर्टर नाही, फक्त बंद ट्रॅकवर धावते, बूस्ट फार मोठा आहे आणि ट्यूनिंगच त्या पेट्रोलवर केले आहे, अशा इंजिनासाठी. तिथेही सेन्सर लवकर बदलावे लागतात आणि शर्यतीचा नियम आधी पाहावा लागतो. अशी गाडी आपल्या जिल्ह्यातल्या गॅरेजात क्वचितच येईल.

बाकीच्यांसाठी शिसेमुक्त रस्ता मोकळा आहे. पेट्रोलच्या झाकणामागचे लेबल वाचा. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये मुंबई, पुण्यासह दहा शहरांत आणले. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाचे ऑक्टेन ९५ च्या आसपास आहे. इथेनॉल पेटण्याआधी सिलेंडर गारही करते, म्हणून टर्बोला ते मानवते. पण त्यात उष्णता कमी, त्यामुळे पेट्रोल थोडे जास्त लागते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वायसर मात्र तपासावेत. ऑक्टेन वाढवायला टाकीत डांबरगोळ्या टाकण्याची जुनी युक्ती इंजेक्टरच्या गाडीत कोणी करू नये.

एक गोष्ट कारागिरांच्या स्वतःच्या जिवाची. टेट्राएथिल लेड कातडीतून थेट शरीरात जाते. शिसे हाडांत साठते आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा सर्वात वाईट परिणाम होतो. पेट्रोलने हात धुणे, नळी तोंडाने ओढणे या सवयी साध्या पेट्रोलातही वाईटच, शिसेवाल्यात तर घातक. कोणी बाहेरून कॅन आणून "हे ओता" म्हणाला, तर आधी त्यावरचा मजकूर वाचा. मजकूर नसेल तर कॅन परत द्या, आणि ओतायचेच असेल तर ते मालकाने स्वतः, आपल्या गॅरेजच्या बाहेर ओतावे.