कुलाब्याची आगगाडी

विरारहून निघालेली लोकलगाडी चर्चगेट स्थानकात शिरते आणि थांबते. पुढे रूळ नाहीत. उतारूंचा लोंढा फलाटावरून बाहेर पडतो व रस्त्यास लागतो. मुंबई शहर मात्र येथे संपत नाही. दक्षिणेस कुलाब्याचा लांबट भूभाग समुद्रात शिरलेला आहे. मग आगगाडी अशी अलीकडेच का बरे थांबते? पूर्वी ती येथे थांबून राहत नसे. पन्नास वर्षांहून अधिक काळ ती चर्चगेट ओलांडून थेट कुलाब्यास जात होती. ३१ डिसेंबर १९३० रोजी तिचा हा प्रवास कायमचा बंद झाला.

कुलाबा हे मूळचे एक बेट. १८३८ साली भराव घालून बांधलेल्या रस्त्याने ते मुंबईस जोडले गेले आणि १८४४ साली कापसाचा मोठा बाजार तेथे नेण्यात आला. गुजरातचा कापूस मुंबईस यावयाचा, तेथून जहाजांत चढून विलायतेस जावयाचा. त्या काळच्या मुंबईचे सारे वैभव या पांढऱ्या गाठींवर उभे होते, असे म्हटले तरी चालेल. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या लांबलचक नावाच्या रेल्वे कंपनीचे लक्ष कुलाब्याकडे लागले, यात नवल नाही. लोक या कंपनीस सुटसुटीतपणे बी. बी. सी. आय. म्हणत.

कंपनीचे रूळ १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत आले. पुढे वाट काढावयाची, तर शहरात दाट वस्ती आणि पश्चिमेस समुद्र! परंतु याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. हाती आलेल्या पैशाने लोकांची मती फिरली. बॅकबे, म्हणजे शहराच्या पश्चिमेचा उपसागर, बुजवून जमीन करावयाची, यासाठी एक कंपनी निघाली आणि तिच्या भागांचे भाव आभाळास भिडले. १८६५ साली युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, आणि त्यांबरोबर ही कंपनीही बुडाली. किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टी तेवढी रेल्वेच्या उपयोगी पडली.

याच पट्टीवरून गाडी दक्षिणेकडे सरकत गेली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली; सकाळी एकदा यावयाचे, संध्याकाळी एकदा परतावयाचे. आज दर काही मिनिटांस सुटणाऱ्या लोकलगाड्यांची ही पणजी होय. १८७० साली रूळ चर्चगेटपर्यंत आणि त्याच दशकात कुलाब्यापर्यंत पोहोचले. १८९६ साली कुलाब्यास नवे, प्रशस्त स्थानक उभे राहिले. चर्चगेट सोडल्यावर डाव्या हातास ओव्हलचे मैदान आणि उजव्या हातास समुद्र, असा हा शेवटचा टप्पा होता. भरतीच्या वेळी खिडकीतून खारा वारा आत येत असेल, तेव्हा कचेरीस निघालेल्या कारकुनांचाही क्षणभर विसावा होत असेल.

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. धूर गेला, वेग वाढला. ज्या मार्गाला असे नवे रूप मिळाले, त्याचे दक्षिण टोक तीन वर्षे भरण्याच्या आतच कापले गेले.

त्याचे कारण पुन्हा समुद्रच. १९२० नंतर सरकारने बॅकबे बुजविण्याचे काम स्वतःच हाती घेतले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची ही मोठी हौस. बंदरातील गाळ यंत्राने उपसून नळांतून आणावयाचा आणि समुद्रभिंतीच्या आत टाकावयाचा, अशी योजना होती. परंतु भिंत गळू लागली, गाळाचा अंदाज चुकला आणि खर्च फुगत गेला. खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी हा गैरकारभार उघड्यावर आणला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, पण नरीमन निर्दोष सुटले. योजलेल्या आठ भागांपैकी शेवटी चारच पुरे झाले.

जी जमीन तयार झाली, ती विकून पैसा उभा करणे सरकारला भाग होते. जुने शहर आणि ही नवी जमीन यांच्यामध्ये मात्र रेल्वेचे रूळ आडवे पडलेले. शिवाय अंतिम स्थानक म्हणजे केवळ फलाट नव्हेत; तेथे डबे धुण्यासाठी, जोडण्यासाठी, रात्री उभे ठेवण्यासाठी रुळांचे जाळे लागते. अशी जागा शहराच्या टोकाशी अडवून ठेवणे परवडणारे नव्हते. कापसाचा बाजारही तोवर शिवडीकडे हलला होता. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडजवळ नवे बॉम्बे सेंट्रल स्थानक बांधण्यात आले. १८ डिसेंबर १९३० रोजी ते उघडले आणि तेरा दिवसांनी कुलाबा स्थानक मिटले.

कुलाबेकर त्यामुळे अगदीच पोरके झाले नाहीत. ट्राम होतीच, आणि मुंबईची पहिली मोटारबस १९२६ साली कुलाब्याच्या अफगाण चर्चपासूनच सुटली होती. खरी अडचण पुढे उद्भवली. स्वातंत्र्यानंतर बॅकबेचा आणखी काही भाग भरण्यात आला आणि तेथे कचेऱ्यांचे उंच मनोरे उठले. ज्या बाजूचे रूळ उखडले, नेमक्या त्याच बाजूस हजारो माणसे रोज कामाला येऊ लागली! चर्चगेटला उतरावयाचे आणि पायी किंवा बसने पुढचा मार्ग धरावयाचा, हा त्यांचा नित्यक्रम झाला. या भागास नाव मिळाले ते नरीमन पॉइंट. समुद्र बुजविण्यातील गैरकारभाराशी लढणाऱ्याचेच नाव बुजविलेल्या समुद्रास मिळावे, ही गंमतच म्हणावी लागेल.

कुलाबा स्थानकाच्या जागी आज रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क ही वसाहत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो चर्चगेटच्या दक्षिणेस विधान भवन आणि कफ परेड येथपर्यंत धावू लागली. जुन्या आगगाडीनंतर जवळजवळ पंचाण्णव वर्षांनी उतारू पुन्हा गाडीत बसून त्या बाजूस जाऊ लागले. मात्र आता खिडकीतून समुद्र दिसत नाही.