इगर्जीची शाळा आणि मेस्ताचा सूर

हिंदी चित्रपटांतील जुनीं गाणीं आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. १९५० च्या सुमाराचें एखादें गाणें आठवून पाहा. आरंभीं पुष्कळ व्हायोलिनें एकदम उसळून येतात, मग एखादा ट्रंपेट एकटाच पुढें होतो, आणि गायिकेचा आवाज सुरूं होतांच सारीं वाद्यें अदबीनें मागें सरतात. गाणाराचें नांव आपणांस ठाऊक असतें, संगीत-दिग्दर्शकाचेंहि असतें. परंतु तीं वाद्यें वाजविणारीं माणसें कोण होतीं? त्यांपैकीं कितीतरी जण गोमंतकांतील ख्रिस्ती होते, आणि त्यांतील पुष्कळांनीं सुरांचीं पहिलीं अक्षरें गिरविलीं तीं खेड्यांतील चर्चला, म्हणजे तिकडच्या बोलींत इगर्जीला, लागून असलेल्या एका लहानशा प्राथमिक शाळेंत. मुंबईसाठीं वादक तयार करावे असें त्या शाळेच्या स्वप्नांतहि नव्हतें. रविवारच्या उपासनेला गाणारे मुलगे हवेत, एवढाच तिचा हेतु. त्या शाळेनें मुलांना काय दिलें, आणि पुढें ती कां ओसरली, याविषयीं चार शब्द सांगावे असा माझा विचार आहे.

या शाळेची मूळकथा घंटेपासून सुरूं होते. फ्रान्सिस झेवियर हा जेझुइट धर्मोपदेशक ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला. तो हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे. घंटेचा नाद ऐकून मुलें जमत. त्यांना तो इगर्जींत घेऊन जाई आणि धर्मतत्त्वें चालीवर म्हणावयास शिकवी. आपल्याकडे पहांटे चिपळ्या वाजवीत येणाऱ्या वासुदेवामागें जशीं पोरें धांवत, तसाच कांहींसा तो देखावा असावा. मुलें घरीं जाऊन तेंच गुणगुणत, आणि मुलांच्या तोंडून तें वडीलमाणसांच्या कानीं पडे. शाळेला इमारत नव्हती तेव्हांच तिची रीत ठरून गेली होती: जें शिकवावयाचें तें गाऊन शिकवावें. पुढें त्याच शतकांत गांवोगांवच्या इगर्जींना लागून शाळा निघाल्या आणि वाचन, लेखन, थोडा हिशेब, धर्माचीं प्रश्नोत्तरें व गायन असा त्यांचा अभ्यासक्रम होऊन बसला.

या कथेला दुसरी एक बाजू आहे. ती झांकून ठेवणें मला प्रशस्त वाटत नाहीं. याच काळांत सासष्टींतील देवळें उध्वस्त झालीं, पुष्कळ कुटुंबें देव घेऊन पोर्तुगीज हद्दीबाहेर गेलीं. ‘इन्क्विझिशन’ हें धर्मन्यायपीठ १५६० सालीं गोव्यांत आलें, तें मधला थोडा काळ वगळतां १८१२ पर्यंत टिकलें. ज्या मुलांना शाळेंत नवीं प्रार्थनागीतें शिकविलीं जात होतीं, त्यांतील कित्येकांच्या आज्यांना जुन्या ओव्या येत असत. आजीचें गाणें आणि नातवाचें गाणें यांत जी फट पडली, ती राजसत्तेच्या दंडुक्यानें पडलेली होती.

ती फट सांधण्याचा प्रयत्न करणारा एक पुरुष मराठी वाचकांना चांगला परिचित आहे. फादर स्टीफन्स हा मूळचा इंग्रज. १५७९ सालीं तो गोव्यास आला आणि १६१९ सालीं वारला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठींत आहे, आणि तो इगर्जींत जमलेल्या लोकांना वाचून दाखवावा अशीच त्याची योजना होती. त्याच स्टीफन्सचें कोंकणी भाषेंतील प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक, ‘दौत्रिना क्रिस्तां’, त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं निघालें. मुलाला देवाची ओळख करून द्यावयाची तर ती त्याच्या आईच्या भाषेंत करून दिली पाहिजे, हें त्या परदेशी माणसाला कळलें होतें. सरकारला मात्र तें रुचलें नाहीं. १६८४ सालीं व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावें. हुकुमानें भाषा मरत नाहींत. कोंकणीहि मेली नाहीं. पण त्यामुळें शाळेंतील मुलाची स्थिति मोठी विचित्र झाली. घरीं कोंकणी, पाटीवर पोर्तुगीज, आणि गावयाचें तें लॅटिन! जें तोंडीं होतें तें लिहावयाचें नाहीं, आणि जें गावयाचें तें समजावयाचें नाहीं.

असें असतां ही शाळा गांवाच्या जीवनाशीं इतकी एकजीव कशी झाली? याचें उत्तर ‘मेस्त’ या व्यक्तींत सांपडतें. पोर्तुगीज ‘मेस्त्र’, म्हणजे गुरु, या शब्दाचें हें कोंकणी रूप. तो इगर्जीचा गायकप्रमुख आणि शाळेचा संगीतशिक्षक, दोन्ही असे. त्याचा पगार इगर्जीच्या निधींतून मिळे, आणि तो अगदीं तुटपुंजा असे. मेस्ताची शिकविण्याची पद्धत कडक होती. मुलाच्या हातीं आरंभींच वाद्य येत नसे. प्रथम पांच रेघांवर लिहिलेले सूर डोळ्यांनीं वाचावयाचे, हातानें ताल धरावयाचा, आणि दो, रे, मी, फा असें नांव घेऊन तो सूर गळ्यानें काढावयाचा. हें पक्कें झालें म्हणजे मग ‘रेबेक’ हातांत पडे. व्हायोलिनला कोंकणींत रेबेक म्हणतात.

येथें आपल्या संगीताशीं एक तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. आपला षड्ज गाणाराच्या गळ्याप्रमाणें खालीं-वर सरकतो. पोर्तुगीज पद्धतींतील ‘दो’ आपली जागा सोडीत नाहीं. आपण गुरूच्या मुखांतून गाणें घेतों. मेस्ताचा शिष्य तें कागदावरून घेतो. आणि तिसरी गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे भजनाला पन्नास माणसें बसलीं तरी सारीं एकच सूर धरतात. इगर्जींत मात्र एका वेळीं दोन, तीन, चार वेगवेगळे सूर चालत असतात, आणि त्यांच्या मेळांतून गाणें उभें राहतें. नऊ-दहा वर्षांच्या पोराला शेजाऱ्याचा सूर स्पष्ट ऐकूं येत असतो, तरी त्यानें त्याच्या मागें जावयाचें नाहीं, आपला सोडावयाचा नाहीं, आणि त्याच्यावर चढहि करावयाची नाहीं. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांतील श्रद्धा, आशा व प्रीति हे शब्द त्यानें पाठ केलेले असतच. पण दुसऱ्याला त्याचा सूर राखूं देऊन आपला राखणें ही गोष्ट त्याच्या अंगीं बाणे ती या सरावांत. धर्मशिक्षणाचा खरा तास, माझ्या मतें, हाच होता.

शिवाय मुलगा जें शिके तें गांवाला लागलीच हवें असे. रविवारीं उपासना. गांवाच्या आश्रयदात्या संताचें फेस्त. चाळीस दिवसांच्या उपवासकालांत ख्रिस्ताच्या यातनांची मिरवणूक, आणि तींत गावयाचीं ‘मोटेट’ नांवाचीं करुणगंभीर गीतें. मे महिन्यांत वाटेवरच्या क्रुसापाशीं किंवा कोणाच्या अंगणांत होणारी ‘लादाईन’, म्हणजे देवमातेच्या नांवांची आळवणी. कोणाच्या घरीं मयत झाली तरी मेस्त मुलांना घेऊन जाई. दहा वर्षांच्या मुलानें आजवर किती प्रेतयात्रा पाहिल्या, असा प्रश्न आपण शहरांत विचारीत नाहीं. मृत्यु मुलांपासून दूर ठेवणें हेंच आपणांस योग्य वाटतें. तेथें मुलगा शेजाऱ्याच्या शवापाशीं उभा राहून गात असे, कारण तें त्याचें काम होतें. तो आला नाहीं तर एक सूर उणा पडे आणि साऱ्या गांवाच्या तें ध्यानीं येई. लॅटिनचा अर्थ त्याला कळत नसेल, पण आपली गरज आहे हें कळत होतें.

मात्र हें चित्र फार गोड करूं नये. इगर्जींत गाण्याचा मान दीर्घकाळ मुख्यतः मुलग्यांचा व पुरुषांचा होता. बहिणी खालीं बसून ऐकत. उत्सवाची व्यवस्था पाहणारीं जीं मंडळें, ज्यांना ‘कोंफ्रारी’ म्हणतात, तीं जातीजातींत विभागलेलीं असत, आणि फेस्ताच्या मानापानावरून वाद माजत. एकाच देवाचीं लेकरें म्हणून जीं मुलें एकत्र गात, त्यांच्या बापांना मिरवणुकींत एका रांगेंत चालण्याची तयारी नसे. धर्मांतरानें जात गेली नाहीं, ही गोष्ट गोव्यांतील ख्रिस्ती समाजाच्या विचारवंतांनींहि वारंवार बोलून दाखविली आहे. मेस्ताच्या शाळेनें या बाबतींत काय केलें? फारसें कांहीं केलें नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

गोव्यांत पोट भरेना, तेव्हां माणसें मुंबईस येऊं लागलीं. धोबीतलाव भागांत गांवागांवानें आपापलीं ‘कूड’ काढलीं. कूड म्हणजे एका गांवच्या लोकांनीं मिळून चालविलेलें उतरण्याचें ठिकाण. खलाशी, आचारी, वादक, सारे तेथें अल्प भाड्यांत राहत. आणि रात्रीं भिंतीजवळच्या वेदीपुढें सर्वांनीं जपमाळेची प्रार्थना एकत्र करावी असा नियम असे. शाळेंत लागलेली संवय अशी मुंबईपर्यंत चालत आली. चित्रपटाच्या स्टुडिओंत सतार-सारंगीवाले थोर कलावंत होते, पण ते कानावर विसंबणारे. पन्नास वादकांना एकाच दिवसांत नवें गाणें बसवावयाचें तर तें कागदावर लिहून देणारा व कागदावरून वाजविणारा माणूस लागतो. तो माणूस मेस्ताच्या शाळेंतून तयार होऊन आला होता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबास्तियन डिसूझा हे गोमंतकीयच. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तेथील इगर्जीचे गायकप्रमुख होते. मुलगा त्यांच्याच हाताखालीं शिकला. पुढें या अँथनींनीं मुंबईंत प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविलें, आणि १९५८ सालीं रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविल्या. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे गायले होते. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील गाण्यांत त्यांचें नांव आलें तें शिष्यानें गुरूला केलेलें वंदन होय. हे गोन्साल्विस २०१२ सालीं निवर्तले. त्यांच्यासारख्या वाद्यरचनाकारांचीं नांवें चित्रपटांच्या नामावलींत क्वचितच झळकलीं.

आतां ही शाळा ओसरली कां? येथें एक विलक्षण गोष्ट घडली आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजीं व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनें उपासनाविधीसंबंधीं घोषणापत्र मंजूर केलें आणि उपासनेंत लोकभाषेला वाट मोकळी झाली. त्याच घोषणापत्रांत असेंहि म्हटलें होतें कीं, निरनिराळ्या देशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांना योग्य तो मान द्यावा. स्टीफन्सला जें करावयाचें होतें तें साडेतीनशें वर्षांनीं मान्य झालें म्हणावयाचें! इगर्जींत कोंकणी घुमूं लागली. म्हाताऱ्यांना आपण काय म्हणतों तें समजूं लागलें. सारी सभा गाऊं लागली, बायकाहि गाऊं लागल्या. आणि लॅटिनचे चार सुरांचे अवघड पाठ वाचणाऱ्या पोरांची निकड मात्र उरली नाहीं. साधी चाल सर्वांनीं मिळून म्हणावयाची, तिला पांच रेघा कशाला? त्यांतच १९६१ सालीं गोवा मुक्त झाला, सरकारी शाळा वाढल्या, आखातांत नोकऱ्या निघाल्या. मेस्ताच्या तुटपुंज्या पगारावर त्याच्या मुलानें राहावें असें कोण म्हणणार?

हा लाभ मानावा कीं हानि, याचा निकाल मला देतां येत नाहीं. न समजणाऱ्या भाषेंत देवाला आळविणें कांहीं गौरवाचें नव्हे, आणि बहिणींचा आवाज चारशें वर्षांनीं कां होईना, वर गेला ही मोठीच गोष्ट झाली. पण समजण्याच्या सोयीसाठीं सर्वांना एकाच सुरांत आणतांना, निरनिराळे सूर एकत्र नांदविण्याची ती शिस्त हातची सुटली, हेंहि खरें.

भाषेचा प्रश्न तर अजून मिटलेला नाहीं. १९९० सालीं सरकारनें ठरविलें कीं, प्राथमिक शाळेला अनुदान हवें असेल तर माध्यम कोंकणी किंवा मराठी असावें. धर्मप्रांताच्या इंग्रजी प्राथमिक शाळांनीं तेव्हां कोंकणी स्वीकारली. या मुलाचें कोंकणी पाठ्यपुस्तक देवनागरींत आणि घरचें प्रार्थनापुस्तक रोमन लिपींत. एकच भाषा, दोन वेष! पुढें पालकांनीं इंग्रजीची मागणी लावून धरली आणि २०११ सालीं त्या शाळांना इंग्रजी माध्यमासाठींहि अनुदान मिळालें. त्यावर झालेला गदारोळ अनेकांच्या स्मरणांत असेल. मुलाच्या भाकरीची भाषा व प्रार्थनेची भाषा एक असावी कीं वेगळी, हा १६८४ चाच प्रश्न. फरक इतकाच कीं, या वेळीं हुकूम व्हाइसरॉयचा नसून आईबापांच्या काळजीचा होता.

सासष्टींत मे महिन्याच्या संध्याकाळीं आजहि लादाईन ऐकावयास मिळते, आणि पुष्कळ ठिकाणीं ती अद्याप लॅटिनमध्येंच असते. अंगणांतल्या क्रुसाला फुलें वाहिलेलीं असतात, मेणबत्त्या वाऱ्यावर हेलकावतात, आणि मोडक्या खुर्चीवर बसलेला एक वृद्ध रेबेक हनुवटीखालीं धरतो. तो एक नांव आळवितो, भोंवतालचीं माणसें त्याला उत्तर देतात. म्हातारे मूळ सूर धरतात आणि एखाददुसरा त्याच्या खालचा सूर लावतो, कोणीं न सांगतां. मागें उभीं असलेलीं पोरें उत्तरांत आवाज मिसळतात. त्यांचें निम्में लक्ष कोंपऱ्यांत झांकून ठेवलेल्या उकडलेल्या चण्यांच्या पातेल्याकडे असतें. शेवटचें नांव संपतें, वृद्ध रेबेक खालीं ठेवतो, आणि पोरें ओंजळ पुढें करतात.