संगणकनिर्मित दरबार आणि दिवाण-इ-खासचे छत

दागिने, अत्तरे, रेशमी वस्त्रे यांच्या जाहिरातपटांना मोगल दरबाराचे आकर्षण फार. संरक्षित स्मारकात चित्रीकरण करावयाचे तर परवानग्यांची अडचण, आणि सेट उभारावयाचा तर वेळ व पैसा दोन्ही हवेत. म्हणून असा दरबार आता पुष्कळदा संगणकावरच रचला जातो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या परिसरात हे काम करणारे स्टुडिओ आहेत. त्यांपैकी एखाद्याकडे लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचा अंतर्भाग तयार करण्याचे काम आले, तर दालनाची छायाचित्रे हवी तितकी मिळतील. खरा प्रश्न सालाचा आहे.

लाल किल्ल्याचे बांधकाम 1639 साली सुरू होऊन 1648 साली पूर्ण झाले. शाहजहानच्या काळी या दालनाचे छत चांदीने मढवलेले होते व मधून पाण्याचा पाट वाहत असे. 1739 साली नादिरशहाने मयूरासन नेले. 1760 साली दिल्ली हाती आल्यावर सदाशिवरावभाऊंनी छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली. फौजेला द्यावयास पैसा नव्हता, हे त्यामागचे कारण. त्या चांदीच्या किमतीचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आढळतात, म्हणून ते येथे देण्यात अर्थ नाही. पुढे 1858 साली याच दालनात बहादुरशहा जफरवर खटला चालला. आज दिसते ते छत लाकडी आहे. म्हणजे ‘मोगल काळातील दिवाण-इ-खास’ असे एकच दालन कधी नव्हते. निदान तीन-चार होती, आणि त्यांतील एका स्थित्यंतराचे कर्तृत्व मराठ्यांकडे जाते. मराठी वाचक या प्रसंगाकडे पानिपतच्या मोहिमेतील एक आर्थिक तपशील म्हणून पाहतो. दालनाच्या इतिहासात मात्र ती मुख्य घटना आहे.

ती का, हे संगणकाच्या कार्यपद्धतीवरून चांगले कळते. प्रथम वास्तूचा सांगाडा भूमितीने रचतात. मग प्रत्येक पृष्ठभागाला त्याचे गुणधर्म देतात: संगमरवर प्रकाश किंचित आत घेतो, सोनेरी मुलामा तो पिवळसर करून परतवतो, लाकूड त्यातला बराचसा गिळून टाकते. नंतर दिवे किंवा सूर्य ठेवला की संगणक किरणांचा मागोवा घेत प्रत्येक बिंदूची उजळी काढतो. या शेवटच्या क्रियेला रेंडरिंग म्हणतात. या हिशेबात छत म्हणजे केवळ वरचे झाकण राहत नाही. दालन बाजूंनी मोकळे, पूर्वेस यमुना. उन्हाचा जो भाग पाण्यावरून व पांढऱ्या फरशीवरून वर उसळे, तो चांदीवर आपटून पुन्हा खाली येत असणार. चांदीच्या जागी लाकूड ठेवले की खांबांवरचे जडावकाम, माणसांचे चेहरे, वस्त्रांचे रंग, सारेच मंदावते. 1760 साली दालनातून धातू गेला तसा उजेडही गेला. हे कोणत्याही बखरीतून हाती लागणारे नाही. शिवाय यमुनेचे पात्र आता पूर्वेकडे सरकले आहे आणि पाट कोरडा आहे. तेव्हा आजच्या छायाचित्रांवरून प्रकाशाचे अनुमान करणे दुप्पट धोक्याचे.

मग असे अनुमान सर्रास का केले जाते? याचे उत्तर मुदतीत आहे. सणासुदीच्या जाहिरातीसाठी प्रक्षेपणाची वेळ आधीच विकत घेतलेली असते आणि दिवाळी कोणासाठी थांबत नाही. सेकंदाला 25 चौकटी या मानाने तीस सेकंदांच्या जाहिरातीला 750 चौकटी लागतात. एका चौकटीच्या रेंडरिंगला वीस मिनिटे धरली तर एका यंत्राचे 250 तास होतात. दहा यंत्रे लावली तरी पंचवीस तास. अखेरच्या दिवशी कोणी छताविषयी शंका काढली, तर हा सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. त्यामुळे शंका निघत नाही. पहिल्या दिवशी घाईत जे ठरले तेच टिकते, आणि घाईत बहुधा तयार नमुन्यांच्या संग्रहातून राजस्थानी कमान, लखनवी झुंबर व इराणी गालिचा उचलून एकत्र मांडलेला असतो.

मराठी रंगभूमीला ही युक्ती अपरिचित नाही. संगीत नाटकांच्या काळात नाटकमंडळींच्या पेटाऱ्यांत राजवाडा, रस्ता, उपवन असे ठरावीक पडदे असत आणि एकाच राजवाड्यापुढे दुष्यंतही येई, पेशवाही येई. आनंदराव व बाबूराव पेंटर या कोल्हापूरकर बंधूंचे पडदे तर त्यांच्या चित्रगुणांसाठी वाखाणले गेले. पण पडदा पडदाच आहे, हे प्रेक्षक जाणून असे; त्या जाणिवेवरच तो संकेत उभा होता. संगणकाचे चित्र छायाचित्राचा आव आणते. प्रेक्षक त्याला संकेत न मानता पुरावा मानतो, आणि उद्या दुसरा एखादा कलावंत तेच चित्र संदर्भ म्हणून समोर ठेवतो.

वास्तविक साधनांची वानवा नाही. गुलाम अली खान याने 1817 च्या सुमारास रंगवलेली दिवाण-इ-खासची चित्रे उपलब्ध आहेत. त्यांत चांदी गेल्यानंतरचे दालन दिसते. बर्नियेने 1663 साली दिल्लीहून लिहिलेल्या पत्रात आम-खासच्या दालनातील उत्सवाचे वर्णन आहे: खांब जरीच्या वस्त्रांनी वेढलेले, वर फुलदार रेशमी छते ताणलेली, खाली रेशमी गालिचे. दालन वेगळे असले तरी त्यातून कळणारी गोष्ट दोन्हींना लागू पडावी. मोगल अंतर्भाग अर्धाअधिक कापडाचा होता. दगड हा त्याचा सांगाडा. साहित्याच्या अभ्यासकाने प्रवासवर्णनांतून नेमके हेच काढून द्यावयास हवे, कारण कापड नष्ट झाले आहे आणि ते केवळ शब्दांत व लघुचित्रांत उरले आहे.

दुर्दैवाने संगणकाला कापडच अधिक जड जाते. त्याच्या चुण्या, झोळ, वाऱ्याची हालचाल यांचा हिशेब स्थिर खांबाच्या हिशेबापेक्षा पुष्कळ लांबतो. साहजिकच मुदत जवळ आली की आधी कापड गळते, आणि आजच्या पर्यटकाला दिसणारा उघडा संगमरवर शाहजहानचा दरबार म्हणून पडद्यावर येतो.