विश्लेषण : मानसिक आरोग्यसेवेचा हिशेब विधिमंडळात कोण मागणार?

रस्ता खराब झाला की गावकरी आंदोलन करतात, नळाला पाणी आले नाही की हंडा मोर्चा निघतो. मानसिक आजाराच्या रुग्णासाठी मात्र सहसा कोणी रस्त्यावर उतरत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने घरचेही गप्प राहतात. म्हणूनच या सेवेचा हिशेब सभागृहात मांडण्याची तरतूद मानसिक आरोग्यसेवा कायद्यात करण्यात आली. ही तरतूद नेमकी काय आहे आणि अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यासाठी ती का महत्त्वाची ठरते?

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ पासून लागू झाला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा या कायद्याने नागरिकांचा हक्क ठरवला. कलम १८ नुसार किमान सेवा जिल्ह्यातच मिळायला हव्यात. त्या नसतील तर रुग्णाला जिल्ह्यातील इतर ठिकाणी उपचार घेता येतात आणि तो खर्च सरकारने सोसायचा असतो. साखळदंडाने बांधण्यास कायद्याने बंदी आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले होते. त्या घटनेने देश हादरला होता.

विधिमंडळाचा संबंध कुठे येतो?

कायद्यानुसार प्रत्येक राज्यात राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण असते. मनोरुग्णालये आणि उपचार केंद्रांची नोंदणी, त्यांच्या सेवेचा दर्जा आणि तक्रारी हे त्याचे काम. कलम ६४ नुसार या प्राधिकरणाने दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल तयार करून राज्य सरकारला द्यायचा असतो. त्यासोबत वार्षिक हिशेब आणि लेखापरीक्षण अहवालही जोडायचा असतो. सरकारने ही सर्व कागदपत्रे विधिमंडळाच्या पटलावर ठेवणे बंधनकारक आहे. हिशेबाचे लेखापरीक्षण ‘कॅग’ म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात.

म्हणजे अहवाल वेळेवर आला आणि आमदारांनी तो वाचला, तर राज्यातील मानसिक आरोग्यसेवेचे चित्र दरवर्षी लोकांसमोर येऊ शकते. अहवालच आला नाही, किंवा आला तरी त्यावर कोणी बोलले नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो.

न्यायालयाला लक्ष का घालावे लागले?

महाराष्ट्रात प्राधिकरण २०१८ मध्ये स्थापन झाले. पण मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली, तेव्हा प्राधिकरणाच्या बैठकाही नियमित होत नसल्याचे समोर आले. न्यायालयाने त्यावर नाराजी व्यक्त केली. याचिकेमागे एका महिलेची व्यथा होती. ती बरी झाल्यावरही घरी जाऊ शकली नाही आणि तिची सुमारे १२ वर्षे मनोरुग्णालयातच गेली. दहा वर्षांहून अधिक काळ मनोरुग्णालयात असलेल्या रुग्णांची माहिती न्यायालयाने मागवली, तेव्हा असे शेकडो रुग्ण असल्याचे दिसले. त्यांपैकी अनेक जण घरी जाण्याच्या स्थितीत होते.

अशी वेळ येऊ नये म्हणून कायद्यात मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळांची योजना आहे. एका जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून एक मंडळ असते. जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती त्याची अध्यक्ष असते. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ, डॉक्टर आणि रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्थांचे प्रतिनिधी त्यात असतात. रुग्णाला स्वतः निर्णय घेणे शक्य नसताना ३० दिवसांहून अधिक काळ दाखल ठेवायचे असेल, तर या मंडळाची परवानगी लागते.

नगर जिल्ह्याची स्थिती काय?

राज्यात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांची मंजूर खाटांची संख्या मिळून ५,६९५ आहे. नगर शहरातील कुटुंबाला यांपैकी सर्वांत जवळचे येरवडा, तेही सुमारे १२० किलोमीटरवर. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या आणि १४ तालुक्यांच्या या जिल्ह्यात अकोल्यातील आदिवासी पाड्यावरून किंवा जामखेडच्या गावातून रुग्णाला घेऊन निघायचे, तर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे असा दुहेरी फटका बसतो. त्यामुळे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे महत्त्व वाढते. या केंद्रपुरस्कृत कार्यक्रमाची सुरुवात १९९६ मध्ये झाली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिकांच्या पथकाने जिल्हा रुग्णालयात सेवा द्यावी आणि ती तालुक्यांपर्यंत पोहोचवावी, अशी त्याची रचना आहे.

रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णांचा प्रश्न वेगळा आहे. अशा व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे, कोठडीत ठेवू नये, असे कायदा सांगतो. जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान निराधार मनोरुग्ण महिलांना अनेक वर्षांपासून आधार देत आहे. समाजाने हात दिला ही चांगली गोष्ट. पण म्हणून कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी कमी होत नाही.

किती तज्ज्ञ लागतील?

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये मानसिक आरोग्यावरील १४८ वा अहवाल सादर केला. देशात एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. हे प्रमाण तीनवर न्यावे, असे समितीने सुचवले. २०११ च्या जनगणनेनुसार नगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५.४३ लाख होती. तीनच्या प्रमाणाने जिल्ह्याला सुमारे १३५ मनोविकारतज्ज्ञ हवेत. सध्याच्या देशपातळीवरील सरासरीने हा आकडा ३४ च्या आसपास येतो. मनुष्यबळाचे आंतरराष्ट्रीय निकष दहा वर्षांत गाठण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असे कायद्याचे कलम ३१ सांगते. ही मुदत २०२८ मध्ये संपते.

आमदारांच्या हाती काय आहे?

साधने जुनीच आहेत. ती या विषयासाठी वापरणे महत्त्वाचे. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना मांडता येते. अर्थसंकल्पी मागण्यांवर कपात सूचना देऊन आरोग्य खात्याच्या खर्चावर बोलता येते. मंत्र्यांनी दिलेले आश्वासन पाळले गेले का, हे आश्वासन समिती तपासते. ‘कॅग’च्या अहवालांची छाननी लोकलेखा समिती करते. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे असल्याने पंचायती राज समितीलाही तिथे विचारणा करता येते.

जिल्ह्यात विधानसभेचे १२ मतदारसंघ आहेत. त्यांच्या आमदारांना सरकारला विचारता येतील असे काही नेमके प्रश्न :

• जिल्हा मानसिक आरोग्य पथकातील मंजूर पदे किती आणि प्रत्यक्षात भरलेली किती?
• ग्रामीण रुग्णालयांत मानसिक आजारांवरील मोफत औषधे वर्षातील किती दिवस उपलब्ध नव्हती?
• जिल्ह्यात सेवा न मिळाल्याने बाहेर उपचार घेतलेल्या किती रुग्णांचा खर्च सरकारने दिला?
• जिल्ह्यातील किती रुग्ण बरे होऊनही मनोरुग्णालयातच आहेत आणि त्यांच्यासाठी निवारागृहाची सोय कुठे आहे?
• प्राधिकरणाचा मागील वार्षिक अहवाल पटलावर कधी ठेवला गेला?

‘मानसिक आरोग्याबाबत शासन काय करत आहे’ असा मोघम प्रश्न आला, तर उत्तरही मोघमच मिळते. पदे, दिवस, रुपये आणि रुग्णसंख्या विचारली की खात्याला आकडा द्यावा लागतो. तो आकडा पुढच्या अधिवेशनातही पडताळता येतो.

कुटुंबांनी काय करावे?

तातडीच्या सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते. दाखल रुग्णाच्या हक्कांबाबत तक्रार असेल, तर पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळणे हाही रुग्णाचा हक्क आहे; ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येते. औषध मिळाले नाही किंवा डॉक्टर नव्हते, तर तारीख आणि रुग्णालयाचे नाव लिहून आपल्या आमदारांना लेखी कळवावे. रुग्णाचे नाव उघड करण्याची गरज नाही. सभागृहातील नेमका प्रश्न बहुतेक वेळा अशाच एखाद्या चिठ्ठीतून तयार होतो.